पाय घडवणाऱ्याला खुर्ची कधी?

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव-नांदुऱ्याकडची काळी माती पावसाळ्यात एकदा पायाला चिकटली की सहजी सोडत नाही. वावरातून बांधापर्यंत यायचं म्हटलं तरी चपलेखाली चिखलाचा दोन बोटं थर चढतो, मग चप्पल हातात घ्यायची आणि उरलेली वाट अनवाणी तुडवायची. दोन्ही पाय धड असलेल्याची ही गत. ज्याचा एक पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे, त्याने सोयाबीनच्या वावरात उतरायचं कसं? विलायती धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालून, सपाट फरशीवर चालण्यासाठी घडवलेला. त्याला उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही आणि चिखल तर त्याच्या हिशेबातच नाही.

ही अडचण साठ वर्षांपूर्वी जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात एका माणसाच्या नेमकी लक्षात आली. त्याचं नाव रामचंद्र शर्मा. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत, पेशा कारागिराचा, आणि रुग्णालयातलं काम रुग्णांना हस्तकला शिकवण्याचं. लोक कुबड्या घेतात पण दिलेला पाय घरी टाकून देतात, हे ते रोज बघत होते. ट्रकच्या टायरवर नवं रबर चढवणाऱ्या दुकानात ज्या रीतीने रबर भाजतात त्याच रीतीने पाऊल घडवावं, ही कल्पना त्यांची. आत सच्छिद्र रबर आणि लाकूड, बाहेरून कातडीच्या रंगाचं भाजलेलं रबर, असं ते पाऊल चिखलात चालतं, पाण्यात भिजतं, झाडावरही चढतं. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी त्याला वैद्यकशास्त्राची शिस्त लावली आणि १९६८च्या सुमारास ‘जयपूर फूट’ जन्माला आला. १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. ‘मास्टरजी’ म्हणून ओळखले जाणारे शर्मा मात्र बराच काळ गोष्टीतलं दुसरं पात्र होऊन राहिले.

या जोडगोळीची गोष्ट आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. तिच्यातला एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. साधन घडवणाऱ्याच्या हाती अधिकार असता तर काय झालं असतं?

साधनं घडवण्याचं हे काम आज कारागिरीपुरतं राहिलेलं नाही. कृत्रिम पाय, कॅलिपर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, अंधांची स्मार्ट काठी, बोलता न येणाऱ्या मुलासाठी चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारं ॲप, या सगळ्यांना मिळून सहायक तंत्रज्ञान म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ साली काढलेल्या अहवालानुसार जगात अडीचशे कोटींहून अधिक लोकांना असं किमान एक साधन लागतं, आणि त्यातल्या जवळपास शंभर कोटी लोकांपर्यंत ते पोचतच नाही. २०११च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली. म्हातारपणी काठी, कमरेचा पट्टा नाहीतर श्रवणयंत्र लागणारे तर त्या आकड्यात धरलेलेही नाहीत.

साधन माणसाच्या अंगाला बसवणाऱ्या तज्ज्ञाला भारतात सरकारमान्य ओळख आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२चा. त्याखाली ज्या सोळा प्रकारच्या व्यावसायिकांची नोंदणी होते, त्यांत श्रवणतज्ज्ञ आहेत, कृत्रिम अवयव आणि कॅलिपर बसवणारे प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट आहेत आणि ‘पुनर्वसन अभियंता’ असाही एक स्वतंत्र प्रकार आहे. कायद्याला हा माणूस ठाऊक आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी विचाराल तर त्याला ‘पाय बनवणारा’ म्हणतात, नाहीतर ‘टेक्निशियन’.

त्याचं काम एकदा जवळून पाहायला हवं. गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस बाकावर बसतो. तज्ज्ञ आधी नुसता हात फिरवतो. उरलेल्या पायाला कार्यशाळेत ‘स्टंप’ म्हणतात. तो कुठे मऊ आहे, कुठे हाड टोकदार लागतं, कुठे दाबलं की माणूस दचकतो, हे बोटांनी वाचावं लागतं. मग पातळ मोजा चढवून त्यावर न पुसणाऱ्या पेन्सिलीने खुणा होतात. गुडघ्याच्या वाटीच्या खाली एक जाड शीर असते, ती भार पेलू शकते. तिथे साचा आत दाबायचा. बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा असतो, त्याला वळसा घालून पावलाची नस जाते. तिथे साचा फुगवायचा, म्हणजे पुढे बनणारं सॉकेट, स्टंप बसायची खोबण, तिथे घासणार नाही. ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळली जाते आणि ती सुकेपर्यंत तज्ज्ञाचे दोन्ही अंगठे त्या शिरेच्या दोन बाजूंना रुतून असतात. या साच्यात पुन्हा प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती काढतात, ती कानशीने घासतात आणि तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा तिच्यावर ओढतात. हे झालं सॉकेट. पुढे त्याला नळी आणि पाऊल जोडून माणसाला दोन दांड्यांच्या मधून चालवून बघायचं.

‘चालतानी टोचते’, एवढंच तो म्हणतो. त्या दोन शब्दांतून नेमकं कुठे, पाऊल टेकताना की उचलताना, आणि का, हे शोधायला गणित लागतं, शरीरशास्त्र लागतं आणि वऱ्हाडी समजावी लागते. अंशभर कोन चुकला तरी पाठ धरते. याला विज्ञान म्हणायचं नाही तर कशाला?

पण सॉकेट कितीही नेटकं झालं तरी ते कायम टिकत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. पाय काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षभरात स्टंप आकसत जातो. आषाढात घट्ट बसलेलं सॉकेट दिवाळीला ढिलं होतं. मग माणूस आत चिंध्या कोंबतो, जखम होते, पाय खुंटीवर जातो. मलकापूर-शेगावच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकतो तेव्हा घामाने सॉकेट आतून निसटतं, ती कथा वेगळी. केंद्राची साधनं देणारी ‘ॲडिप’ योजना १९८१पासून सुरू आहे आणि तिने लाखो लोकांना उभं केलं आहे. मात्र एकदा साधन घेतलं की मोठ्या माणसाला पुढची तीन वर्षं त्याच कारणासाठी पुन्हा मदत मागता येत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एक वर्षाची आहे. मूल वाढतं, हे नियम करणाऱ्याच्या ध्यानात आलं. मोठ्या माणसाचा स्टंप आटतो, हे कुणाला तरी त्या बैठकीत सांगावं लागलं असतं. सांगणारा बहुधा कार्यशाळेत प्लास्टर कालवत होता.

आपल्याकडे हे काम शिबिरांच्या तालावर चालतं. एका शिबिरात मापं, दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या शिबिरात वाटप, मंडप, हार, फोटो. कानपूरच्या ‘अलिम्को’ या १९७२ साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यातून साधनं येतात, लोक ती घेऊन गावी जातात. तिसरं, दुरुस्तीचं शिबिर कुणी भरवत नाही. त्याला फोटो चांगला येत नाही. तीनचाकी सायकलीची साखळी तुटली, बेअरिंग गेलं, तर सिंदखेडराजाच्या पलीकडच्या खेड्यातला माणूस काय करणार? शहाणा असेल तर सायकल दुकानात नेतो. नसेल तर गोठ्यात ठेवतो आणि तिच्यावर कडबा रचतो.

हे सगळे दोष तंत्राचे कमी आणि निर्णयाचे जास्त. निविदेत काय लिहायचं, सुटे भाग मागवायचे की नाही, जिल्ह्याला एक फिरती कार्यशाळा द्यायची की आणखी दोनशे काठ्या, हे ठरतं वरच्या खुर्चीत. त्या खुर्चीत डॉक्टर असतो किंवा प्रशासकीय अधिकारी. दोघांचाही हेतू चांगला असू शकतो, पण दोघांच्याही बोटांना स्टंप ठाऊक नसतो.

अधिकार असलेल्याला एकदा का दुखणं दिसलं की काय होऊ शकतं, याचं उदाहरण एपीजे अब्दुल कलाम स्वतः सांगायचे. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात पोलिओची मुलं तीनेक किलोंची धातूची कॅलिपर ओढत चाललेली त्यांना दाखवण्यात आली. क्षेपणास्त्रासाठी बनवलेलं हलकं संमिश्र द्रव्य त्यांच्या प्रयोगशाळेत होतंच. त्यातून घडलेलं कॅलिपर तीनशे ग्रॅमच्या घरात आलं. हलक्या पदार्थांची माहिती त्याआधी कुणाला नव्हती असं थोडंच आहे? कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला होती, तो त्या वॉर्डात येऊन उभा राहिला, इतकंच.

मग साधनशास्त्राचा माणूस वर जातच नाही का? जातो, आणि त्याचा दाखला कानाच्या आणि वाचेच्या बाबतीत मिळतो. मैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेच्या संचालकपदी डॉ. एस. आर. सावित्री आणि त्यांच्यानंतर डॉ. एम. पुष्पावती आल्या, त्या दोघीही वाचाशास्त्राच्याच अभ्यासक. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली सुरू झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचं संचालकपद श्रवणशास्त्रातले डॉ. आर. रंगसायी यांनी बरीच वर्षं सांभाळलं. म्हणजे कानाचं यंत्र बसवायला शिकलेला माणूस पुढे राष्ट्रीय संस्था चालवू शकतो, हे या देशात सिद्ध झालेलं आहे. तिथे पदवी आहे, पदव्युत्तर आहे, पीएच. डी. आहे, प्राध्यापकी आहे आणि त्यापुढचं दारही उघडं आहे.

हातापायांच्या बाबतीत इमारती जुन्या आहेत. पुण्याचं लष्करी कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी १९४४ साली उभं राहिलं. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ साली निघाली. तिथे प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही मिळतात. म्हणजे शाळा दारात आहे. शिडी मात्र चार पायऱ्यांनंतर भिंतीला टेकते. हाच माणूस विमानाच्या कारखान्यात असता तर त्याला ‘मुख्य अभियंता’ व्हायची वाट असती.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने ही शिडी मुद्दाम बांधली आहे. तिथे ‘हेल्थकेअर सायंटिस्ट’ असा वेगळा वर्गच आहे आणि पुनर्वसन अभियांत्रिकी ही त्यातली एक शाखा. पदवीनंतर तीन वर्षांचं पगारी प्रशिक्षण, मग नोंदणीकृत क्लिनिकल सायंटिस्ट. काही वर्षं काम केल्यावर आणखी पाच वर्षांचं, डॉक्टरेटच्या तोडीचं उच्च प्रशिक्षण. ते पुरं करणारा ‘कन्सल्टंट’ म्हणून मोठ्या डॉक्टरांच्या शेजारी बसतो. या पाच वर्षांत शास्त्राबरोबर नेतृत्व शिकवतात: खर्चाचं गणित मांडणं, सेवेचा आराखडा करणं, माणसं सांभाळणं, चुकीच्या निर्णयाला पुराव्यानिशी नाही म्हणणं. इंग्लंडच्या मुख्य वैज्ञानिक अधिकारी डेम स्यू हिल या मूळच्या श्वसनविज्ञानातल्या शास्त्रज्ञ. २००२ साली त्या या पदावर आल्या. तिथलं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही, रांगा त्यांच्याकडेही लांबच लांब आहेत. पण चाकाच्या खुर्चीचं शास्त्र शिकलेल्या मुलीने मोठ्या पदाचं स्वप्न पाहिलं तर तिला कुणी हसत नाही.

आपल्याकडे प्रयोगशाळांच्या वाटेने काही माणसं वर आली आहेत. मद्रास आयआयटीतल्या प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या केंद्रातून उभं करणारी चाकाची खुर्ची निघाली आणि २०२२ साली ‘कदम’ नावाचा कृत्रिम गुडघा. मांडीतून पाय गेलेल्या माणसाला एसटीच्या अरुंद सीटवर बसायचं तर गुडघा चांगला खोल वाकावा लागतो. ‘कदम’ १६० अंशांपर्यंत वाकतो, तो याच हिशेबाने. मुंबई आयआयटीतल्या यंत्र अभियांत्रिकीच्या प्रा. बी. रवी यांनी राज्य सरकारच्या पाठबळावर ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र उभारलं आणि पुढे ते सुरतकलच्या एनआयटीचे संचालक झाले. ही नावं अभिमानाची आहेत. पण हे रस्ते आयआयटीचे आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या कार्यशाळेतून मंत्रालयापर्यंत जाणारी पाऊलवाट अजून पडलेली नाही.

आणि ती पडायला हवी तर बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातूनच. तेरा तालुके, पंचवीस लाखांवर वस्ती, जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही. मुंबईला हाजी अलीला जायचं तर शेगाव किंवा मलकापूरहून रात्रीची गाडी धरायची. एक माणूस सोबत, दोघांची मजुरी बुडालेली. सोयाबीनच्या सुगीत मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार इथे कुणाला नवे नाहीत. देशात १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला तो मुख्यतः या मळणी यंत्रांसाठीच, हे फार कमी लोकांना ठाऊक असेल. हात गेलेल्याला मिळणारा दिखाऊ हात लग्नकार्यापुरता असतो, एरवी तो ट्रंकेत. शेतकऱ्याला त्या हातात विळा धरायचा असतो, दोर आवळायचा असतो. पाच सुबक बोटांपेक्षा एक मजबूत आकडा त्याच्या अधिक कामाचा. हे जिल्ह्यात बसलेल्या तज्ज्ञाला एका दिवाळीत कळेल.

जागा तयार होते आहे, हेही खरं. ऑक्टोबर २०२४मध्ये महाराष्ट्रात जी दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली त्यांत बुलढाणा आहे. शेगावला १९८३पासून संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एकीकडे रुग्ण, दुसरीकडे यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलं, मध्ये घाटाचा रस्ता. दोघांच्या मध्ये पुनर्वसन अभियंत्याचं एक पद आणि एक कार्यशाळा उभी राहिली तर विदर्भातल्या इतर जिल्ह्यांना बघायला यावं लागेल. अडसर असा की २०२३च्या राष्ट्रीय नियमावलीत नव्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी सक्तीच्या विभागांच्या यादीतून भौतिक चिकित्सा व पुनर्वसन हा विभाग वगळला गेला. डॉक्टरांनी आणि दिव्यांग संघटनांनी त्यावर ओरड केली. सक्ती नाही याचा अर्थ मनाई नाही, एवढं मात्र महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना सुचवता येईल.

राज्य पातळीवर महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला.  २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजूंच्या खात्यावर साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपये येतात. पैसे थेट हातात, ही चांगलीच गोष्ट. पण तीन हजारांत बाजारातून आणलेला आवाज वाढवणारा डबा आणि कान तपासून लावलेलं श्रवणयंत्र यांत फरक असतो. तो फरक योजना आखतानाच सांगणारं कुणीतरी त्या विभागात बसलेलं हवं. स्वतंत्र विभाग आहे, तर त्यात एक ‘मुख्य सहायक तंत्रज्ञान अधिकारी’ का नसावा?

अशा पदासाठी माणूस कुठून येणार, या प्रश्नाचं उत्तर अकोल्यात आहे. बुलढाण्याची शेकडो मुलं दरवर्षी नीटच्या क्लाससाठी अकोल्याला खोली घेऊन राहतात. एमबीबीएस हुकलं की बीडीएस, मग बीएएमएस, बीएचएमएस, मग फिजिओ, आणि नंतर एक वर्ष आणखी. नीटच्या गुणांवर राज्याच्या सीईटी कक्षामार्फत जे प्रवेश होतात त्या अभ्यासक्रमांत दोन नावं बहुतेकांच्या नजरेतून सुटतात: बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा, आणि बीपीओ, म्हणजे कृत्रिम अवयव आणि कॅलिपर. यंदा घरात कुणी तो अर्ज भरत असेल, तर पसंतीक्रम लावण्याआधी ही दोन नावं एकदा मोठ्याने वाचून दाखवा.